परत घेतलेलं पदक



गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्याकडच्या एका गटाची मासिक बैठक होती. बचत जमा झाली, मागचं इतिवृत्त वाचून झालं, मग कर्जाच्या मागण्या निघाल्या. एकीला शेळी घ्यायची होती. एकीला सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं होतं. तिसरी ताई जरा घुटमळली. मग म्हणाली, “पोरीला ज्युदोचा ड्रेस घ्यायचाय. दोन हजार लागतील.” पोरगी नववीत. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत पहिली आली होती, आता जिल्ह्याला जायची होती. तालुक्याला जो ड्रेस घालून खेळली तो दुसऱ्या मुलीचा होता.

सगळ्या गप्प. सचिव ताईंनी पेन उघडलं आणि विचारलं, “कारणाच्या रकान्यात काय लिहू? शेती, दवाखाना, शिक्षण, लग्न. ह्यात ज्युदो कुठं बसतो?” तेवढ्यात गटातल्या सगळ्यात वयस्कर आक्का म्हणाल्या, “पर ह्यो खेळ बायकांचा हाय का?”

बी.ए.ला आम्ही इतिहास घेतला होता. लढाया, तह, सनावळ्या सगळं पाठ केलं होतं. पण आक्कांच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला देता आलं नाही. “पुढच्या बैठकीत सांगतो,” म्हणालो आणि ती मागणी तशीच राहिली. घरी येऊन वाचायला लागलो तर वाचतच गेलो. आज तेच सांगायला या माईकसमोर बसलोय. आक्का, ऐकत असाल तर जरा भाकरी तव्यावरून उतरवून ऐका, कारण उत्तर मोठं आहे.

आधी हा खेळ काय ते सांगतो. ज्यांनी जत्रेत कुस्ती पाहिली आहे त्यांना ज्युदो समजायला वेळ लागत नाही. कुस्तीत अंग उघडं, इथं अंगात जाड सुताचा, गोधडीसारखा टिपलेला कोट आणि कमरेला पट्टा. त्या कोटाची कॉलर आणि बाही धरूनच सगळे डाव. समोरच्याला जोरात, वेगाने आणि नियंत्रण ठेवून पाठीवर आपटलं की ‘इप्पॉन’ झाला, कुस्ती निकाली. तसं जमलं नाही तर त्याला पाठीवर वीस सेकंद दाबून धरायचं. नाहीतर गळ्याला किंवा कोपराला असा पेच टाकायचा की तो हाताने थाप मारून ‘हरलो’ म्हणतो. खेळ सुरू करताना दोघांनी वाकून नमस्कार करायचा, संपल्यावर पुन्हा करायचा, मग कुणी जिंको.

‘ज्यू’ म्हणजे मऊपणा, नमतं घेणं, आणि ‘दो’ म्हणजे वाट. समोरचा ढकलतोय तर त्याला अडवायचं नाही, तो जिकडे जोर लावतोय तिकडेच त्याला ओढायचं, म्हणजे त्याचाच जोर त्याला पाडतो. घरातल्या भांडणात हा डाव आपल्यापैकी कितीजणी वापरतात ते आम्ही इथं विचारत नाही.

हा खेळ जपानचा. जिगोरो कानो नावाच्या शिक्षकाने तो घडवला. जन्म १८६० चा. अंगाने किरकोळ, शाळेत दांडगी पोरं त्रास द्यायची, म्हणून जुजुत्सु ही जुनी झुंजीची विद्या शिकायला गेला. तिच्यातले जिवावर बेतणारे डाव काढले, उरलेल्याला शिस्त लावली आणि १८८२ साली टोकियोच्या एका देवळात बारा चटयांवर शाळा सुरू केली. तिचं नाव कोदोकान. पहिल्या वर्षी नऊ विद्यार्थी. पुढे १९०९ मध्ये हाच कानो आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर गेला. त्या समितीवरचा तो आशियातला पहिला माणूस.

कानोने बायकांनाही शिकवलं, हे मुद्दाम सांगतो. एकोणिसाव्या शतकातच शिकवायला लागला होता, आणि १९२६ मध्ये कोदोकानात बायकांचा वेगळा विभाग निघाला. त्या काळाच्या मानाने मोठीच गोष्ट. पण त्या विभागाचं दार एकाच बाजूला उघडत होतं. बायकांनी शिकावं, सराव करावा, डावांचे ठरलेले प्रकार सुबक करून दाखवावेत. स्पर्धा मात्र करायची नाही. काळा पट्टा मिळाला तरी त्याच्या मधोमध लांब पांढरी रेघ असायची, म्हणजे लांबूनही कळावं की हा बाईचा पट्टा आहे.

या विभागात १९३५ साली केइको फुकुदा नावाची मुलगी आली. वय २२. उंची पाच फुटाला इंचभर कमी, वजन पंचेचाळीस किलोच्या आत. तिचे आजोबा कानोचे पहिले गुरू होते, म्हणून कानोने स्वतः तिला बोलावलं होतं. फुलांची मांडणी, सुलेखन, चहाचा विधी असं चांगल्या घरच्या जपानी मुलीला यायला हवं ते सगळं ती शिकलेली होती. तेवढ्यात ती या आखाड्यात उतरली आणि तिथलीच झाली. लग्नाचं आलं तेव्हा लग्न की ज्युदो असा प्रश्न उभा राहिला, आणि तिने ज्युदो निवडला. जन्मभर एकटी राहिली. पुरुषांना असं निवडावं लागलं नाही. कानोला स्वतःला बायको होती, मुलंबाळं होती.

ज्युदोत पायऱ्या असतात, त्यांना ‘दान’ म्हणतात. आपल्या दानधर्माशी त्याचा संबंध नाही. पहिला दान, दुसरा दान असं वर चढत जायचं, सगळ्यात वरचा दहावा. १९५३ मध्ये केइको पाचव्या दानावर पोचली. आणि तिथंच थांबली. तिच्यात काही कमी होतं म्हणून नाही. बाईला पाचव्याच्या वर न्यायची रीतच नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर तिच्यानंतर आलेले पुरुष सहाव्यावर गेले, सातव्यावर गेले. ती परदेशात शिकवायला गेली, १९६६ पासून अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला राहायलाच गेली, शेकडो शिष्य तयार केले, आणि पायरी तीच. जवळजवळ वीस वर्षं. मैत्रिणींनो, अंगणवाडीत वीस-वीस वर्षं मानधनावर काढणाऱ्या आपल्या बाया आम्ही पाहतो, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

इकडे खेळ जगभर पसरत होता. १९५१ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ झाला, १९५६ मध्ये टोकियोत पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदो आला. त्या ऑलिंपिकमध्ये हॉलंडच्या अँटोन गीसिंक या धिप्पाड माणसाने खुल्या गटात जपानच्या कामिनागाला त्याच्याच गावात दाबून धरलं आणि अख्ख्या सभागृहाचा श्वास अडकला. त्या दिवसापासून खेळ एकट्या जपानचा राहिला नाही. केइको फुकुदाही त्या ऑलिंपिकला होती. डाव करून दाखवायला. खेळायला एकही बाई नव्हती.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरातच समुद्रकाठी कोनी आयलंड म्हणून वस्ती आहे. तिथं १९३५ मध्ये, म्हणजे केइको कोदोकानात आली त्याच वर्षी, रीना ग्लिकमन नावाची मुलगी जन्मली. गरीब घर, लहानपणापासून मिळेल ते काम, आणि गल्लीतल्या पोरींच्या टोळीची ही म्होरकी. वस्तीतल्या एका कुत्र्याचं नाव रस्टी होतं, तेच नाव तिला पडलं आणि जन्मभर राहिलं. आम्हीही तिला रस्टीच म्हणतो.

रस्टी वीस वर्षांची असेल, तेव्हा ओळखीच्या एकाने तिला ज्युदोचा एक डाव दाखवला. गल्लीत मारामाऱ्या करणाऱ्या मुलीला पहिल्यांदाच कळलं की ताकद आवरता पण येते. ती शिकायला लागली. बायकांचा वर्गच नव्हता, म्हणून पुरुषांबरोबर शिकली. आपटून घेतलं, आपटलं, आणि संघात जागा मिळवली.

१९५९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावात वायएमसीए या संस्थेची ज्युदो स्पर्धा होती. संघ पुरुषांचे. रस्टीच्या संघातला एक गडी जखमी झाला आणि त्याच्या जागी ती उतरली. केस आधीच आखूड कापलेले होते. छाती पट्टीने करकचून बांधली, वर कोट घातला. कुणाला पत्ता लागला नाही. तिच्या समोरचा गडी तिने पाडला, तिचा संघ जिंकला, आणि बाकीच्यांसारखं तिच्याही गळ्यात पदक आलं.

मग आयोजकांनी तिला बाजूला बोलावलं. विचारलं, तू मुलगी आहेस का?

इथं आम्ही वाचता वाचता थांबलो. खोटं बोलणं किती सोपं होतं. मान नुसती हलवली असती तरी भागलं असतं. पण ती हो म्हणाली. तिचं पदक काढून घेतलं.

लक्षात घ्या, तिने कुणाला फसवून डाव जिंकला नव्हता. वजनात फेरफार नाही, नियम मोडून पकड नाही. समोरचा गडी पाठीवर पडला होता तो खराच पडला होता. तरी ती जिंकली नाही असं ठरलं. नंतर तिने अनेकदा सांगितलं, की त्या दिवशी मनात पक्कं झालं, यापुढे कुठल्याही बाईवर ही पाळी येता कामा नये. राग सगळ्यांनाच येतो. तिचा राग पुढची तेहतीस वर्षं पुरला, ही तिची खरी करामत.

१९६२ मध्ये ती जपानला, थेट कोदोकानात गेली. तिथं तिला आधी बायकांच्या विभागात पाठवलं. थोड्याच दिवसांत सगळ्यांना कळून चुकलं की हिला इथं पुरेसं आव्हान नाही, आणि मग तिला पुरुषांच्या मुख्य आखाड्यात सरावाला घेतलं. असा मान मिळालेली ती पहिली बाई. तिथंच तिला र्‍योहेई कानोकोगी हा ज्युदोपटू भेटला. दोघांनी १९६४ मध्ये न्यूयॉर्कला लग्न केलं, आणि ती रस्टी कानोकोगी झाली.

पण सरावाला घेणं वेगळं आणि स्पर्धेत घेणं वेगळं. १९७५ मध्ये युरोपात बायकांची अधिकृत स्पर्धा झाली. जपानमध्ये राष्ट्रीय पातळीवर बायकांचे सामने व्हायला १९७८ उजाडलं. ऑलिंपिकचं तर नावच नको. बायकांची जागतिक स्पर्धाच होत नाही, मग ऑलिंपिक कसली मागता, असा कारभार होता. गावात पाणंद नाही म्हणून एसटी येत नाही, आणि एसटी येत नाही म्हणून पाणंदीचा रस्ता होत नाही, तशातला प्रकार.

तेव्हा रस्टीने ठरवलं, जागतिक स्पर्धा आपणच भरवायची. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. पैसा कुठून आणायचा? देणगीदार शोधले, दारं ठोठावली, तरी पुरेना. मग तिने घर गहाण टाकलं.

हे वाचल्यावर आम्ही एकमेकींकडे पाहिलं. तारण, गहाण, जामीन या शब्दांत आमचे दिवस जातात. बँकेच्या पायरीवर बसून, “घर कुणाच्या नावावर आहे?” या प्रश्नाला “मालकांच्या” असं उत्तर देणाऱ्या किती जणी आम्ही पाहिल्या. घर गहाण टाकायचं तरी ते आधी आपलं असावं लागतं. आणि आणखी एक, समन्वयक म्हणून सांगणं आमचं कामच आहे. कुणीही हे ऐकून उद्या घर गहाण टाकायला जाऊ नका. रस्टीने केलं ते धाडसाचं होतं, पण शहाणपणाचं होतं असं आम्ही म्हणणार नाही. स्पर्धा फसली असती तर लेकराबाळांसकट तिला रस्त्यावर यावं लागलं असतं. जे काम महासंघाने करायचं, ऑलिंपिक समितीने करायचं, ते एका बाईने आपल्या छपराच्या जिवावर केलं. तिचं कौतुक करताना त्यांना विसरू नये.

२९ आणि ३० नोव्हेंबर १९८०. बायकांची पहिली जागतिक ज्युदो स्पर्धा. २७ देशांच्या बाया आल्या. सगळ्यात हलक्या, ४८ किलोच्या गटात इंग्लंडची जेन ब्रिज जिंकली. जपानच्या काओरी यामागुची या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीने ५२ किलोत रौप्य मिळवलं. ज्या देशाने हा खेळ जगाला दिला, त्याच्या वाट्याला बायकांच्या गटात त्या वेळी तेवढं एकच पदक आलं. इतकी वर्षं स्पर्धाच करू दिली नाही, तर दुसरं काय होणार! यामागुचीचं नाव ध्यानात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

स्पर्धा झाली म्हणून ऑलिंपिकचं दार आपोआप उघडलं नाही. पत्रं, बैठका, विनवण्या, आणि शेवटी कोर्टात खेचू अशी तंबी, हे सगळं रस्टीला करावं लागलं. १९८८ मध्ये कोरियातल्या सोल ऑलिंपिकमध्ये बायकांचा ज्युदो ‘प्रात्यक्षिक’ म्हणून घेतला. म्हणजे खेळा, पण पदकतालिकेत धरणार नाही. अमेरिकेच्या बायकांच्या संघाची प्रशिक्षक रस्टीच होती. १९९२ ला स्पेनमध्ये बार्सिलोनाला मात्र पुरुषांचे सात गट तसे बायकांचेही सात गट, सारखी पदकं. युटिकाला पदक काढून घेतल्याला तेहतीस वर्षं झाली होती. पुरुषांचा ज्युदो ऑलिंपिकमध्ये येऊन अठ्ठावीस.

तुलनेसाठी सांगतो. बायकांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली २००४ मध्ये, बॉक्सिंग २०१२ मध्ये. आपल्या साक्षी मलिकने कुस्तीत आणि मेरी कोमने बॉक्सिंगमध्ये पदक आणलं, ते या उघडलेल्या दारांतूनच. अंगाला अंग भिडणाऱ्या या तीन खेळांत बायकांसाठी पहिलं दार उघडलं ते ज्युदोचं.

बार्सिलोनाला स्पेनची मिरियाम ब्लास्को जिंकली. उन्हाळी ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवणारी ती त्या देशाची पहिली बाई. आणि ४८ किलोत फ्रान्सच्या सेसील नोवाककडून एक सोळा वर्षांची जपानी मुलगी अंतिम फेरीत हरली. तिचं नाव र्‍योको तामुरा. उंची चार फूट नऊ-दहा इंच, म्हणजे आमच्या गटात उभी केली तर सगळ्यात बुटकी. पुढची चार वर्षं ती कुणाला हरली नाही. १९९६ ला अटलांटात सगळ्यांनी सुवर्ण तिचंच धरलं होतं, तर उत्तर कोरियाहून आलेल्या, फारशा कुणी न ऐकलेल्या सोळा वर्षांच्या के सुन-हुईने तिला अंतिम फेरीत हरवलं. मग २००० मध्ये सिडनीला अखेर सुवर्ण, तेही मिनिटभराच्या आत सामना संपवून.

यानंतर तिने लग्न केलं, आडनाव बदललं, तानी झाली. तामुरा म्हणून सुवर्ण घेतलं, आता तानी म्हणूनही घेणार, असं तिने जाहीर सांगितलं आणि २००४ ला अथेन्समध्ये घेतलं. मग मूल झालं. आता आई म्हणूनही घेणार, म्हणाली. २००७ मध्ये आई होऊन सातव्यांदा जगज्जेती झाली. बीजिंगला, २००८ मध्ये, उपांत्य फेरीत अगदी शेवटच्या सेकंदांत दंड बसून हरली आणि ब्राँझवर थांबली. आईपणी सुवर्ण हुकलं, पण ऑलिंपिकमधलं पाचवं पदक झालं. तिच्या देशात तेव्हा बाळंतपण झालं की खेळ संपला असंच धरायचे. आपल्याकडे तर लग्न ठरलं की संपतो.

आता यामागुचीकडे येऊ. १९८४ मध्ये ती स्वतः जगज्जेती झाली, नंतर विद्यापीठात शिकवायला लागली. २०१२ च्या शेवटी जपानच्या राष्ट्रीय संघातल्या पंधरा ज्युदोपटू बायांनी मिळून तिथल्या ऑलिंपिक समितीकडे लेखी तक्रार केली. सरावात थोबाडीत मारतात, बांबूच्या काठीने मारतात, दुखापत असताना खेळायला लावतात. आधी ज्युदो महासंघात दाद मागून पाहिली होती, तिथं प्रकरण समज देऊन मिटवलं. म्हणून त्या वर गेल्या. नावं उघड केली नाहीत, पण पंधराजणी एकत्र राहिल्या. यामागुची त्यांच्या पाठीशी उभी राहिली. जानेवारी २०१३ मध्ये बातमी फुटली आणि संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला राजीनामा द्यावा लागला.

हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट आम्हाला पुरी करायची नव्हती. दार उघडलं, पदकं मिळाली, देशाचं नाव झालं, आणि तरी आत काठी होतीच. एकटीने तक्रार केली असती तर तिला संघातून काढायला किती वेळ लागला असता? पंधराजणींना काढलं असतं तर संघच उरला नसता. आपल्याकडे दारूचं दुकान बंद करायला अर्ज देतात तेव्हा सगळ्यांच्या सह्या गोल का घेतात, पहिली सही कुणाची ते कळू नये म्हणून, हे आठवलं.

अलीकडचं भराभर सांगतो. कोसोवो नावाचा युरोपातला चिमुकला देश. त्याला ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा स्वतःच्या झेंड्याखाली जायला मिळालं ते २०१६ ला रिओमध्ये, आणि त्याचं पहिलंवहिलं पदक, तेही सुवर्ण, मायलिंदा केल्मेंडी या ज्युदोपटूने आणलं. फ्रान्सची क्लारिस अगबेन्यू २०२२ मध्ये आई झाली आणि लेकीचं वर्ष भरायच्या आत, २०२३ मध्ये, सहाव्यांदा जगज्जेती झाली. टोकियोच्या मागच्या ऑलिंपिकपासून मिश्र संघांचे सामनेही होतात, तीन बाया आणि तीन पुरुष, सगळ्यांचा विजय सारखाच मोजला जातो. दोन्ही वेळा फ्रान्सने जपानला हरवलं. दोन्ही वेळा अगबेन्यू संघात होती.

आपल्या देशातलं बघायचं तर मणिपूरची सुशीला देवी लिकमाबाम. लहानपणी मामा-काकांच्या नादाने आखाड्यात गेली. २०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. नंतर मांडीला दुखापत झाली, स्पर्धा हुकल्या. परदेशातल्या पात्रता स्पर्धांना जायला पैसे नव्हते, तेव्हा स्वतःची गाडी विकली असं तिने सांगितलं आहे. टोकियोला अख्ख्या भारतातून ज्युदोसाठी गेलेली ती एकटीच. पहिल्याच फेरीत हरली. वर्षभराने, २०२२ मध्ये, बर्मिंगहॅमला पुन्हा रौप्य. त्याच स्पर्धेत दिल्लीच्या तूलिका मानने सगळ्यात जड गटात रौप्य घेतलं. तिला तिच्या आईने एकटीने वाढवलं, आई दिल्ली पोलिसात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला भारतातून ज्युदोसाठी तूलिका एकटी गेली. म्हणजे दोन्ही वेळा जाणारी एकच, आणि दोन्ही वेळा बाई.

आणि त्या दोघी म्हाताऱ्या? केइको फुकुदाला १९७२ मध्ये, शिष्यांनी आणि इतरांनी पत्रांचा मारा केल्यावर, सहावा दान मिळाला. एवढ्या वर जाणाऱ्या पहिल्या बायांत ती होती. २००६ मध्ये कोदोकानने तिला नववा दान दिला, वय ९२. २०११ मध्ये अमेरिकेच्या ज्युदो संघटनेने दहावा दिला, वय ९८. तोपर्यंत ती व्हीलचेअरवर बसून शिकवत होती. २०१३ मध्ये ९९ व्या वर्षी गेली.

रस्टीला २००८ मध्ये जपान सरकारने मानाचा किताब दिला. २००९ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या वायएमसीएने तिला समारंभाला बोलावलं आणि १९५९ चं पदक परत दिलं. सोन्याचं. ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती, कॅन्सरने खंगलेली. पन्नास वर्षांनी पदक गळ्यात पडलं, आणि तीन महिन्यांनी, २१ नोव्हेंबरला, ती गेली.

परवाच्या बैठकीत आम्ही हे सगळं सांगितलं. इतकं सविस्तर नाही, कारण दूध घालायची वेळ झाली होती. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, “त्या बाईचं घर सुटलं का गं गहाणातनं?” आम्ही म्हणालो, त्याचं कुठं वाचलं नाही. “तेच तर कुणी लिहीत न्हाई,” म्हणाल्या, आणि सूचक म्हणून स्वतःचं नाव सांगितलं. अनुमोदन शेळीवाल्या ताईंचं. दोन हजार रुपये, दरमहा शेकडा दोन व्याज, पाच हप्ते. सचिव ताईंनी कारणाच्या रकान्यात ‘खेळ’ लिहिलं. मग जरा थांबून कंसात ‘ज्युदो’ लिहिलं, ‘ज्यु’ कसा लिहायचा ते आम्हाला विचारून.

जिल्ह्याची स्पर्धा येत्या शनिवारी आहे. सकाळी सातला वजनं होतील, म्हणजे आई-लेकींना मुक्कामी गाडीने आदल्या रात्रीच निघावं लागेल. तिथं राहायची सोय अजून झालेली नाही. जिल्ह्याच्या गावी कुणा गटाच्या ताईंकडे एका रात्रीपुरती जागा असेल तर केंद्रावर फोन करून कळवा.